बाबांच्या कानावर

मयुरीनं हात वर केला तेव्हा मला वाटलं, हिला पाणी प्यायला जायचं असेल. आमच्या लॅबमध्ये हात बहुतेक त्याच कामासाठी वर होतात. पण ती उभी राहिली आणि समोरच्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, अंदर तो बदल गया था ना? फिर बाहर आके काहे नहीं बदला?" मी तोंड उघडलं. उत्तर मला पाठ आहे. पीजीडीसीएच्या, म्हणजे कम्प्युटर पदविकेच्या, प्रत्येक बॅचला मी ते दिलंय, हिंदीतून, एकाच सुरात, फळ्याकडे तोंड करून. तरी आज ते जिभेवर येऊन अडलं. मार्कर हातात तसाच राहिला, कारण हाच प्रश्न मी गेले दोन आठवडे स्वतःला विचारत होते. शब्दसुद्धा जवळपास हेच. लॅबमध्ये नाही, घरी, भांडी विसळताना, लेकीच्या, ईराच्या वेण्या घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरून उभी असताना. आत तर सगळं बदललं होतं ना? मग बाहेर येऊन का नाही बदललं?

प्रोग्रॅम साधा आहे, दरवर्षीचाच. दोन डबे आहेत असं समजायचं, एकात दहा, दुसऱ्यात वीस. ते एका फंक्शनला द्यायचे. फंक्शन म्हणजे आतली एक छोटी खोली, तिथं नेमून दिलेलं एक काम होतं. या खोलीचं काम अदलाबदल करण्याचं. आत उभं राहून बघितलं तर काम चोख झालेलं दिसतं, दहाच्या जागी वीस, विसाच्या जागी दहा. स्क्रीनवर तसं छापूनही येतं. मग खोलीतून बाहेर यायचं आणि आपले मूळ डबे उघडायचे, तर दहाच्या जागी दहा आणि विसाच्या जागी वीस. खोलीत मूळ डबे गेलेच नव्हते, त्यांच्या नकला गेल्या होत्या. सी भाषेची ही रीतच आहे, वेगळं काही सांगितलं नाही तर ती नक्कलच आत पाठवते. ऑफिसात आपण आधारकार्डाची झेरॉक्स देतो, तिच्यावर बाबूनं काहीही खरडलं तरी आपलं कार्ड कोरंच राहतं, असं मी मुलांना सांगते. मुलं हसतात आणि विसरतात.

मयुरीचं दुखणं मात्र वेगळंच होतं. तिच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये आउटपुट आधीच लिहून तयार होतं, स्केचपेननं चौकट आखून. आत वीस-दहा, बाहेरही वीस-दहा. "फाइल में तो बदला हुआ है, मॅडम. कम्प्यूटर गलत बता रहा है." आमच्याकडे फाइल आधी पूर्ण होते, प्रोग्रॅम नंतर चालतो, चालला तर. कुणाची तरी मोठी बहीण पास होते, तिची फाइल धाकटीकडे येते, तिच्याकडून लालबर्ऱ्याच्या मावसबहिणीकडे जाते, तिथून किरनापूरला कुणाकडे तरी. कधीतरी कुठल्यातरी पोरीनं मनानंच ठोकून दिलं की बाहेरही बदलतं, आणि तेव्हापासून या जिल्ह्यातल्या प्रत्येक फाइलमध्ये ते दोन आकडे मुकाट्यानं जागा बदलतात. बाहेरून परीक्षक येतात, चौकटीचं कौतुक करतात आणि सही ठोकतात. मी लाल पेननं काटते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला ओरडावंसं वाटलं. मशीन तुमच्या डोळ्यांसमोर खरं बोलतंय आणि तुम्ही कागद दाखवताय! ओरडले नाही. "अंदर जो गया था, वो कॉपी थी," असं म्हटलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि 'कॉपी थी' असं लिहून घेतलं. मयुरी तेवढी उभीच राहिली. "तो फिर अंदर करने का फायदा क्या, मॅडम?" मी तिला बस म्हटलं, जरा जोरातच. तास संपायला अवकाश होता तरी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

मयुरीवर आवाज चढवला याचा स्कूटी काढताना मला आणखीच राग आला. काली पुतली चौकात धानाच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता, दिवाळीनंतर हे असंच असतं. ट्रकवाले खाली उतरून बिड्या ओढत होते, ऑटोवाले एकमेकांच्या आयाबहिणींची आठवण काढत होते, आणि मिलच्या बाजूनं उकडलेल्या धानाचा तो वास येत होता. माझ्या माहेरी गोंदियालाही राइस मिल आहेत, पण आमच्या घरापासून लांब; लग्न होऊन सीमेपलीकडे इथं बालाघाटला आले तेव्हा या वासानं मला मळमळायचं. आता तो येतो तेही कळत नाही. आज कळला. मी स्कूटीवर एक पाय टेकवून उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, सहा वाजेपर्यंत. नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळी सहापर्यंत उत्तर मागितलं होतं. आधी सहा महिने नागपूरला त्यांच्या ऑफिसात बसून काम, मग कायमचं घरून, बालाघाटहून. दोन मुलाखती मी इथल्याच लॅबमध्ये तास संपल्यावर दिल्या होत्या, दार लावून, इन्व्हर्टर दगा देऊ नये म्हणून देवाला साकडं घालत. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत आले की प्रोग्रॅम असा लिहितात. मला तो लिहायचा होता, खराखुरा, कुणीतरी वापरेल असा. यापेक्षा मोठं मला काही नको होतं.

आणि खोलीत सगळं ठरलंही होतं. आमच्या खोलीत माझा नवरा, पियुष, माझं सगळं ऐकतो, हे मला त्याच्या बाजूनं कबूल केलं पाहिजे. जेवणं झाली, ईरा झोपली, दार लोटलं की तो दुसराच माणूस असतो. मीही दुसरीच असते. बैठकीत मी त्याला 'तुमी' म्हणते, खोलीत 'तू'. त्या दिवशी मी मेल दाखवला तर त्यानं तो दोनदा वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "अरे वा! जा ना बाप्पा, काहून नाही? सहा महिन्यांचं तं काम हाये." ईराचं कसं करायचं, शनिवारी मी नागपूरहून गोंदियामार्गे कोणत्या गाडीनं येईन, सोमवारी पहाटे तो मला स्टेशनवर कसा सोडेल, सगळं त्यानंच बोलून टाकलं. मी ऐकत राहिले. मला तेव्हा तो इतका आवडला होता की लाज वाटते. मग म्हणाला, "फक्त बाबाच्या कानावर घालू दे. मी सांगतो त्याइले बरोबर." आणि मी हो म्हटलं. नेहमीसारखं.

आमच्या घरात महत्त्वाचं काही असलं की ते बाबांच्या कानावर पियुष घालतो. बाबा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबकराव, सिंचन विभागातून निवृत्त झालेले. मी त्यांच्याशी बोलत नाही असं नाही. चहा झाला का, गोळी घेतली का, सिलिंडरवाला आला होता का, हे सगळं बोलते. पण ज्याला 'विषय' म्हणतात तो मी कधी काढलेला नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्याही काढत नसत. चाळीस वर्षं संसार करून अहिल्याबाईंना नवऱ्याला काही सांगायचं असलं तर त्या मुलाला हाक मारायच्या. मला कोणी बोलू नकोस असं म्हटलेलं नाही, हीच तर मेख आहे. मनाई असती तर ती मोडता आली असती, भांडता आलं असतं. इथं नुसती एक वाट पडलेली होती आणि मी पहिल्या दिवसापासून तिच्यावरून चालले. मध्ये पडदा असलेलं ते दार, पलीकडे बैठक. माझं म्हणणं पियुषच्या तोंडून त्या पडद्यापलीकडे जायचं. तिकडे त्याचं काय होतं ते मला दिसायचं नाही. पियुष परत यायचा आणि सांगायचा, "सांगतलं. विचार करून राह्यले."

विचार करून राह्यले! या एका वाक्यावर माझी लग्नानंतरची सगळी वर्षं गेली. स्वयंपाकघरातला ओटा बुटका आहे, वाकून वाकून माझी कंबर धरते, तो वाढवून घेऊ, हे खोलीत पियुषला शंभर टक्के पटलं. बाबा विचार करून राह्यले. ओटा आजही तेवढाच आहे. मी माहेरी भाऊबीजेला चार दिवस जास्त राहीन म्हटलं, बाबा विचार करून राह्यले, आणि त्यांचा विचार होईपर्यंत भाऊबीज झाली. पियुष जिल्हा कोर्टात बाबू आहे, साहेबांसमोर फायली ठेवण्याचं काम. कोर्टातून येताना तो तिथली भाषा घरी घेऊन येतो असं मी मैत्रिणींना गमतीनं सांगते, आमच्याकडे निकाल लागत नाही, पुढची तारीख मिळते. त्या हसतात. मीही हसते. मग घरी येऊन बुटक्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटते आणि पडद्याकडे बघून मनात म्हणते, म्हाताऱ्या, किती विचार करशील?

हे मला या दोन आठवड्यांत फार वेळा म्हणावंसं वाटलं. मी बाबांचा राग राग केला. त्यांच्या चहात आलं टाकायचं बंद केलं, जे त्यांना आवडतं. "आली का?" असं ते रोज विचारतात, त्याला मी "हं" एवढंच उत्तर द्यायला लागले. त्यांच्या खाकरण्याचा, चष्मा पुसण्याचा, रेडिओची खुंटी पिळण्याचा मला वीट आला. एक माणूस खुर्चीत बसून नुसता विचार करतो आणि आतली बाई आतल्या आत नागपूरला जाऊन येते, तिथं खोली भाड्यानं घेते, सकाळी डबा भरते, ऑफिसात पहिल्या दिवशी कुठली साडी नेसायची ते ठरवते, आणि मग पडद्याबाहेर येऊन बघते तर काही झालेलं नाही. बरं, विचारायचं तरी कसं? दुसऱ्या काही भाषांत एक सोय असते. फंक्शनला तुम्ही काही दिलंच नाही तर ते अडून बसत नाही, आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर धरून पुढे जातं. आमच्या घरात मी गप्प राहिले की उत्तर आधीच ठरलेलं असतं, नाही. माझी चिडचिड नुसती बाबांवर नव्हती. एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलत नव्हती, त्याचाही जाळ होता तो.

ट्रक हलले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मी दचकून स्कूटी पुढे काढली. पुढच्या तासाला शिकवायचं होतं ते डोक्यात आपोआप सुरू झालं, सवयीनं. नक्कल पाठवायची नसेल तर पत्ता पाठवा. डब्यातली वस्तू देऊ नका, डबा कुठं ठेवलाय ते सांगा. मग फंक्शन थेट तुमच्या डब्यात हात घालतं, जे होईल ते मूळ वस्तूचं होतं. त्यासाठी नावाआधी एक चिन्ह लावावं लागतं, आणि मुलं त्या चिन्हाला जाम घाबरतात. ते एक चुकलं की प्रोग्रॅम कोसळतो, मशीन हँग होतं. म्हणून परीक्षेत पर्याय असला की सगळी नकलेवालाच प्रश्न सोडवतात. नकलेत काही बिघडत नाही. ते खरंच आहे. पियुषला मध्ये ठेवून मलाही कधी काही झालेलं नाही, बाबांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. हे असं डोक्यात आलं आणि मला स्वतःची इतकी चीड आली की आमच्या घरासमोर गाडी लावताना मी स्टँडला लाथच घातली.

बाबा बैठकीत होते. खाली जुना पेपर पसरून उकडलेले सिंगाडे सोलत बसले होते, लहान सुरीनं, एकेक. सोललेले वाटीत, सालं पेपरवर. "आली का? लवकर आली आज." मी हं म्हटलं आणि पडदा सारून आत गेले. तोंडावर पाणी मारलं. मोबाइल उघडला, मेल तसाच होता, उत्तर द्यायची खूण तशीच. मी पियुषला फोन लावला. मागं कोर्टाचा गलका, कुणाच्या तरी नावाचा पुकारा. "बाबा काय म्हणले?" मी विचारलं. तो कुजबुजत म्हणाला, "अगं, साहेब बसले हायेत. संध्याकाळी बोलतो ना मी बाबाशी." मी म्हटलं, "पियुष, सहा वाजता मुदत संपून राह्यली." "तं त्याइले चार दिवस मागून घे ना. कंपनीवाले काही पळून नाही जात." "दोन वेळा मागितले. आता नाही देत ते." मग तो म्हणाला, "आता मी काय करू, वैदेही? बाबाच काही बोलून नाही राह्यले. मी काय जबरदस्ती करू का त्याइच्यावर?" आणि फोन ठेवला, की कटला, कोण जाणे.

मी स्वयंपाकघरात उभी होते. नळ नीट बंद झाला नव्हता, त्याचं टपटपणं चाललं होतं. ओट्याला हात टेकवला तर सवयीनं कंबर आपोआप वाकली. किती वेळ गेला माहीत नाही. लहानपणी गोंदियाला आमच्या शाळेत एक खोल हौद होता, मुली काठावरून त्यात उडी मारायच्या. माझं नाव पुकारलं की मी रांगेच्या मागे सरकायचे. मी कधी उडी मारली नाही. प्रत्येक वेळी पोटात दुखतंय असं मैत्रिणीकरवी बाईंना कळवलं. आज कळवायला कोणी नव्हतं. ईराची शाळा सुटायची होती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून मी पडद्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग काय झालं कुणास ठाऊक, मी बाहेर होते आणि बोलतही होते. "बाबा, मले तुमच्याशी बोलायचं हाये."

त्यांनी मान वर केली. सुरी खाली ठेवली. "बोल ना."

"ते नागपूरच्या नोकरीचं." माझा आवाज चिरका निघाला, भांडायला आल्यासारखा. "आज मुदत हाये. तुमचा विचार झाला का, ते सांगा. नाही म्हणायचं असन तं नाही म्हणा. पण सांगा."

बाबांनी चष्मा काढला. "कायचा विचार?"

"जायचा. माझ्या."

"मी तं हौ म्हणून देल्लं होतं," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी. पियुषनं सांगतलं, तसंच मी म्हटलं, जाऊ दे तिले. शिकलेली पोरगी हाये. ईराले शाळेत सोडा-आणायचं काम माझं, मी दिवसभर घरीच तं असतो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तुले नाही सांगतलं त्यानं?"

उत्तर परत मिळालं होतं, पहिल्याच दिवशी, आणि घेणाऱ्यानं, म्हणजे पियुषनं, ते मध्येच टाकून दिलं होतं. बाबाच पुढे बोलत होते, हळूहळू, सालं एका बाजूला गोळा करत. "मी वाट पाहून राह्यलो होतो, का तू येऊन सांगशील म्हणून. तू तं बोलेचना. मुकाट चहा ठेवून जाऊन राह्यली. मले वाटलं, तुलेच जायचं नसन, पोरीत जीव अडकला असन, तं कशाले खोदून विचारा." मी ओट्याचं विचारलं. का विचारलं ते सांगता येत नाही, तोंडातून निघून गेलं. "बाबा, आणि तो ओटा वाढवायचं?" "कोणता ओटा?" बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काही नव्हतं. त्यांना कोणत्याच ओट्याचं काही माहीत नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. सासऱ्यांसमोर मी अशी जमिनीवर कधी बसले नव्हते. बाबांनी सिंगाड्यांची वाटी माझ्याकडे सरकवली, जणू मी त्यासाठीच बसले असेन.

"अहिल्याले अमरावतीला बहिणीकडे जायचं होतं," ते एकदम म्हणाले. "बीमार पडायच्या आधी. महिनाभर जाऊन राहावं म्हणे. मले हे कवा कळलं, माहीत हाये? तिच्या तेरवीले. बहीणच बोलली मले, का भाऊजी, तुमी तिले एकदा पाठवलं असतं तं. मी म्हटलं, माझ्यापाशी तं कोणी काही बोललंच नाही." त्यांनी पुन्हा सुरी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "पियुषले मी विचारलं. तो म्हणे, सांगणारच होतो." मला त्या क्षणी पियुषचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणजे तेव्हा आला नाही. मला या म्हाताऱ्या माणसाकडे बघवेना. दोन आठवडे मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो समोर बसून माझ्यासाठी सिंगाडे सोलत होता आणि त्याच्या बायकोनंही त्याला कधी काही विचारलेलं नव्हतं. मला रडू फुटलं. बाबा गडबडले. "अगं, रडते काहून? जा ना. आता तं सांगतलं ना मी तुले." मग खाकरून म्हणाले, "टाइम किती झाला? तुझी मुदत किती वाजेपर्यंत हाये?"

मी तिथंच बसून उत्तर लिहिलं. इंग्रजी शब्द नीट सुचेनात, दोन ओळींना किती वेळ लागला. पाठवल्यावर मोबाइलचा तो छोटा आवाज झाला तेव्हा बाबांनी विचारलं, "गेलं?" मी म्हटलं, "गेलं." आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले. आलं किसताना बोट किसणीला लागलं, थोडं रक्त आलं, त्याचं काही वाटलं नाही. राग आता येत होता. सावकाश, पायापासून वर चढत. ओटा, भाऊबीज, अमरावती. ज्याला मी पूल समजत होते तो तिथं उभा राहून दोन्हीकडच्या लोकांना परत पाठवत होता, हसतमुखानं, पाठीवर थाप मारून. खोलीत तो किती गोड होता! तिथं सगळं द्यायला त्याचं काय जात होतं? आणि मी मूर्खासारखी त्याच्यावर खूश होते. ईरा शाळेतून आली, दप्तर फेकून "मम्मी, भूख लगी" म्हणाली, मी तिला सिंगाडे दिले आणि बाबांजवळ बसवलं. ती मराठी समजते पण बोलते हिंदीत, बाबा तिच्याशी मराठीत बोलतात, आणि दोघांचं मध्ये कोणी नसताना छान चालतं. हे मी आजवर बघितलं नव्हतं, म्हणजे बघत होते पण ध्यानात आलं नव्हतं.

पियुष अंधार पडायच्या सुमारास आला. हेल्मेट काखेत, हातात समोशांची पुडी. आम्हा तिघांना बैठकीत बसलेलं बघून तो दारातच थबकला. मी उठून आत गेले. तो मागोमाग खोलीत आला, सवयीनं दार लोटायला लागला. मी म्हटलं, "राहू दे उघडं."

"काय झालं?"

"बाबानं हौ म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी. तू मले काहून नाही सांगितलं?"

तो पलंगाच्या कडेला बसला. समोशांची पुडी मांडीवर ठेवली, तिचं तेल पँटला लागत होतं तरी त्याला कळत नव्हतं. आता हा म्हणेल, सांगणारच होतो. मी त्याच वाक्याची वाट बघत होते, त्याच्यावर काय बोलायचं ते माझं तयार होतं. पण ते वाक्य आलं नाही. बाहेर ईरा हसत होती. पियुषच्या कपाळावर हेल्मेटचा वळ उमटला होता. मी त्याला इतकं थकलेलं कधी बघितलं नव्हतं, की कधी नीट बघितलंच नव्हतं, कोण जाणे.

"मी घाबरलो," तो म्हणाला. मान खालीच. "तू विचारलं तवा मी हौ म्हटलं, ते खोटं नव्हतं, वैदेही. खोलीत मले सगळं जमते. बाहेर गेलो का मग..." त्यानं पुडी बाजूला ठेवली. "बाबा नाही म्हणतीन असं मले वाटलं होतं. ते हौ म्हणले आणि मी फसलो. मंग कळलं का मलेच नाही पाहिजे होतं तू जावं."

हे पहिलं वाक्य त्यानं मला स्वतःचं दिलं होतं, कुणाच्या आडून नाही. ते मला लागलं. ते मिळायला दहा वर्षं लागली याचाही संताप आला, आणि त्याच्याजवळ जाऊन बसावं असंही वाटलं. मी बसले नाही. "मेल गेला," मी म्हटलं. "बाबासमोर पाठवला. पुढच्या सोमवारी जाऊन राह्यली मी."

त्यानं मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज सरळ होता. बैठकीत ऐकू गेलं असेल आणि त्याची त्याला पर्वा नव्हती. "तू गेली ना," तो म्हणाला, "तं वापस येशील, पण अशी नाही येशील."

मी त्याच्याकडे बघितलं. तो बरोबर बोलत होता, आणि त्याच्या तोंडून हे ऐकायला मला चांगलं वाटत नव्हतं.

"हौ," मी म्हटलं. "अशी नाही येणार."